"काका, नुसतं नाव बदलून द्या की" : पहिल्यांदा प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांसाठी

सोलापुरात एका कॉलेजसमोर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. या वीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल तर "काका, नुसतं नाव बदलून द्या की ओ, उद्या सबमिशन आहे." पोरगा पेनड्राइव्ह पुढं करतो, त्यात मागच्या वर्षीच्या कुणाचा तरी प्रोजेक्ट असतो, आणि बदलायचं म्हणजे काय तर पहिल्या पानावरचं नाव, रोल नंबर, वर्ष आणि जमलं तर गाईडचं नाव. आतली ऐंशी पानं तशीच.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीची तीन-चार वर्षं मी पण दिले बदलून. पानामागं पैसे मिळायचे, आपण टायपिस्ट, आपल्याला काय करायचंय असं वाटायचं. मग एकदा एक मुलगी परत आली. तिच्या प्रोजेक्टचं मुखपृष्ठ मीच बदललं होतं पण ऋणनिर्देशाकडं लक्षच गेलं नाही, तिथं "माझी पत्नी हिने वेळोवेळी साथ दिली" हे वाक्य तसंच राहिलं आणि खाली जुन्या मुलाचं नाव. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते मोठ्यांदा वाचलं, सगळ्या वर्गासमोर. ती माझ्यावर ओरडली वगैरे नाही, फाइल काउंटरवर ठेवून नुसती उभी राहिली. त्या दिवसापासून नाव बदलून देणं बंद केलं आणि जे येतील त्यांना स्टुलावर बसवून सांगायला लागलो की असं असं कर, इतकं काही अवघड नाही. तेच इथं लिहितोय. मी प्राध्यापक नाही, समाजशास्त्रात एम.ए. झालोय आणि हजारभर प्रोजेक्ट हाताखालून गेलेत, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

चोरी नेमकी कशाला म्हणतात

आपल्याकडच्या पोरांना हे कळायला अवघड जाऊ नये खरं तर. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. कीर्तनात बुवा अभंग घेतात तेव्हा "तुकोबाराय म्हणतात" असं सांगूनच घेतात, आणि अभंगात "तुका म्हणे" असतंच. वारकरी घरात सालोमालोची गोष्ट पण सांगतात, तो म्हणे तुकोबांच्या अभंगातलं नाव काढून तिथं स्वतःचं नाव घालून गायचा. साडेतीनशे वर्षं होऊन गेली, सालोमालोचं नाव अजून त्याच एका गोष्टीसाठी निघतंय.

प्रोजेक्टमध्ये पण तेच. दुसऱ्याचे शब्द, आकडे, तक्ता, फोटो किंवा कल्पना घेतली आणि कुणाची ते सांगितलं नाही की झालं वाङ्मयचौर्य, ज्याला सगळे प्लेजरिझम म्हणतात. आता यात एक चुकून होतं, अवतरणचिन्ह राहिलं, पान नंबर लिहायचा राहिला, ते समजून घेतात सर लोक पहिल्या वेळेला. मी मुद्दाम केलेल्याबद्दल बोलतोय. सिनियरचा प्रोजेक्ट उचलणं, पैसे देऊन लिहून घेणं, नेटवरून चार ठिकाणचे पॅरे आणून शिवणं, इंग्रजी लेख मराठीत करून आपला म्हणणं, न वाचलेली पुस्तकं संदर्भसूचीत घालणं, आणि एकच प्रोजेक्ट दोन विषयांना देणं, हो ते पण. पोरं म्हणतात माझंच आहे की ते, मी मलाच कसा चोरीन? पण एका कामाचे दोनदा मार्क घेतले ना? दोन्ही सरांना आधी विचारून घ्या, कधी कधी ते म्हणतात ठीक आहे, थोडं वाढवून दे.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रोजेक्टच्या सुरुवातीला प्रतिज्ञापत्राचं पान असतं, "हे काम माझे स्वतःचे असून इतरत्र सादर केलेले नाही". त्याखाली तुमची सही असते. बहुतेक पोरं ते पान न वाचता सही करतात, माझ्या काउंटरवरच, माझ्याच पेनानं.

पायरी १ : असा विषय घ्या जो कुणाकडं तयार मिळणारच नाही

माझ्या मते निम्मी चोरी विषय निवडतानाच ठरते. "सोलापुरातील यंत्रमाग उद्योगाच्या समस्या" हा विषय मी किती वेळा बाइंड केलाय ते मोजलं नाही, पण अनुक्रमणिका डोळे झाकून सांगतो. पहिलं प्रकरण प्रस्तावना, दुसऱ्यात सोलापूरचा इतिहास, त्यात सिद्धेश्वर तलाव, १९३० चा मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चार हुतात्मे, तिसऱ्यात चादर आणि टॉवेल, चौथ्यात शंभर कामगारांच्या प्रश्नावल्या ज्या शंभरच्या शंभर एकाच निळ्या पेनानं एकाच अक्षरात भरलेल्या, पाचव्यात निष्कर्ष की शासनाने लक्ष द्यावे. एवढा मोठा विषय घेतल्यावर पोरगं करणार तरी काय, सगळा उद्योग एकट्यानं तपासायचा? मग उचलणारच ना.

त्यामुळं विषय इतका लहान करा की पायी फिरून होईल. एक मुलगी होती, विडी घरकुल वसाहतीत राहणारी, तिला गाईडनी "विडी कामगार महिलांच्या समस्या" दिलेला. मी म्हटलं बाळा, तुझ्या गल्लीत किती बायका वळतात विड्या? म्हणाली पंधरा-सोळा. म्हटलं तेवढ्याच घे, आणि समस्या बिमस्या राहू दे, त्यांचा एक दिवस लिही. गाईडना विचारून आली, ते पण हो म्हणाले. तिनं काय काय आणलं बघा, पान भिजवायला कधी ठेवतात, हजार विड्यांमागं मजुरी किती आणि त्यातनं कापून काय जातं, कारखान्यात माल द्यायला गेल्यावर छाट किती निघते. छाट म्हणजे विडी नीट वळली नाही म्हणून बाजूला काढतात ती, तिचे पैसे मिळत नाहीत. तिच्या आजीनं तिला सांगितलेलं की पावसाळ्यात छाट जास्त निघते आणि का निघते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे सर दहा मिनिटं नुसतं छाटवरच विचारत बसले, कुठल्या पुस्तकात मिळालं म्हणाले, ही म्हणाली घरात. प्रोजेक्ट अठ्ठेचाळीस पानांचा, बाकीच्यांचे शंभर शंभर पानांचे.

आता हा प्रोजेक्ट पुढच्या वर्षी कुणी उचलला तरी त्याला छाटचं उत्तर देता येणार नाही. आणि तिला स्वतःला उचलायची गरजच पडली नाही कारण तिच्याकडं लिहायला होतं. लिहायला काही नसलं की हात कॉपी-पेस्टकडं जातो, मी हे रोज बघतो.

पायरी २ : वही

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळं जरा लांबण लावतो.

मुद्दाम चोरी करणारी पोरं सगळी लबाड असतात असं नाही. होतं काय की पोरगं डिसेंबरात चांगलं मन लावून वाचतं, मोबाइलवर फोटो काढतं, नेटवरचे पॅरे कॉपी करून एका वर्ड फाइलमध्ये टाकत जातं, नंतर बघू म्हणून. मग जानेवारी येतो, संक्रांत येते, आणि सोलापुरात कुणालाही विचारा, उत्तर एकच, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) संपू दे मग बसतो. गड्डा संपतो, फेब्रुवारी संपतो, मार्चमध्ये फाइल उघडतो तर तीस पानं मजकूर आणि त्यातलं कुठलं वाक्य आपलं, कुठलं पुस्तकातलं आणि कुठलं वेबसाइटचं काही कळत नाही. इथपर्यंत ती चूक आहे. आता रात्री दोन वाजता तो ठरवतो की राहू दे असंच, कोण बघतंय. त्या क्षणी त्या चुकीची चोरी झाली. म्हणून सांगतो, चोरी मार्चमध्ये होते पण तिची सोय डिसेंबरातच करून ठेवलेली असते.

तर दोनशे पानी वही घ्या साधी. वाचायला बसलात की आधी वर लिहा : लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष. हे पहिल्या दोन-तीन पानांतच छापलेलं असतं, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा म्हणजे वही हरवली तरी हरकत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा केगावला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून वाचत असाल तर हे तर करायलाच पाहिजे, कारण एका वर्षासाठी परत केगावला कोण जाणार? वेबसाइट असेल तर लिंक आणि कुठल्या तारखेला बघितली ती तारीख.

मग पान उभं दुमडा. डाव्या बाजूला पुस्तकातलं जसंच्या तसं वाक्य, अवतरणचिन्हात, शेजारी पान नंबर. उजव्या बाजूला तेच तुमच्या शब्दांत, घरी आईला सांगितल्यासारखं. आणि तुम्हाला स्वतःला काही वाटलं, पटलं नाही, प्रश्न पडला तर तो पेन्सिलनं. झालं. पेन्सिल दिसली की ते माझं, अवतरण दिसलं की ते त्यांचं. मोबाइलवर करणाऱ्यांनी तीन रंग वापरा, झोटेरो नावाचं संदर्भ साठवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते पण चांगलं आहे, पण ज्याला वही जमत नाही त्याला झोटेरो जमेल असं मला वाटत नाही.

पायरी ३ : पुस्तक मिटून लिहा

आता लिहायचं कसं ते जवळून दाखवतो. समजा पुस्तकात हे वाक्य आहे, मी आत्ताच बनवलंय उदाहरणासाठी :

"गिरण्या बंद पडल्यानंतर शहरातील कामगार कुटुंबांनी उदरनिर्वाहासाठी यंत्रमाग, विडी आणि शिलाई या असंघटित व्यवसायांकडे मोर्चा वळवला, परिणामी घरातील स्त्रियांवरील कामाचा भार वाढला."

पोरं काय करतात :

"मिल बंद झाल्यावर शहरातल्या कामगार परिवारांनी पोटापाण्यासाठी यंत्रमाग, विडी व टेलरिंग या असंघटित धंद्यांकडे मोर्चा वळवला, त्यामुळे घरातील महिलांवरील कामाचा बोजा वाढला."

आणि मला म्हणतात काका बघा, एक पण शब्द सेम नाही. अरे मोर्चा तसाच वळला की! शब्द बदलले पण वाक्याचा सांगाडा तोच, मुद्द्यांचा क्रम तोच, स्वल्पविराम सुद्धा तिथंच. ही ठिगळं लावलेली चादर झाली. खाली लेखकाचं नाव टाकलं तरी हे चालत नाही, कारण नाव टाकून तुम्ही सांगताय की विचार त्यांचा पण शब्द माझे, आणि शब्द तुमचे नाहीत.

मग करायचं काय? वाक्य दोनदा वाचा. पुस्तक मिटा, खरंच मिटा, उलटं ठेवा. चहा प्या. मग मित्राला सांगितल्यासारखं लिहा, त्यात काय म्हणलं होतं :

"मिल बंद पडल्याचा फटका फक्त काम गेलेल्या पुरुषांना बसला असं नाही. अमुक लेखकाने दाखवलंय (आडनाव, वर्ष, पान) की कुटुंबं यंत्रमाग, विडी, शिलाईकडं वळल्यावर बायकांचं काम वाढलं. मी बोललो त्या पंधरा जणींपैकी कुणाच्या घरात असं झालं का, हे पुढच्या प्रकरणात बघू."

आता पुस्तक उघडून ताडून बघा, दोन गोष्टींसाठी. एक, सलग चार-पाच शब्द तेच तर आले नाहीत ना, आले आणि ते सोडवतच नसतील तर सरळ अवतरणात घाला, त्यात लाज कसली? दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, लेखकाच्या तोंडी नसलेलं घातलं नाही ना. वरच्या उदाहरणात मला एकदम लिहावंसं वाटत होतं की बायकांचं काम वाढलं कारण विडी घरात बसून वळता येते. पण मूळ वाक्यात ते "कारण" नाहीच. ते माझं मत आहे, ते पेन्सिलचं, ते वेगळ्या वाक्यात "मला वाटतं" म्हणून येईल. नाहीतर तुम्ही न बोललेलं वाक्य त्या बिचाऱ्याच्या नावावर खपवताय, ही उलटी चोरी.

अवतरण किती घ्यायची? मराठीच्या, इतिहासाच्या प्रोजेक्टला जास्त लागतात कारण मूळ मजकूरच तपासायचा असतो. बाकी ठिकाणी पानाला एखादं पुष्कळ झालं. एकदा एकाचं प्रकरण बघितलं, अख्खं अवतरणांचं, मध्ये मध्ये "तसेच", "त्याचप्रमाणे". चोरी नाही ती, पण त्यात पोरगा कुठंय?

पायरी ४ : नाव कुठं टाकायचं, कुठं नाही

वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव, वर्ष, पान, आणि मागं संदर्भसूचीत पूर्ण माहिती. एपीए म्हणा, एमएलए म्हणा, डिपार्टमेंट जी सांगेल ती पद्धत, पण सगळीकडं एकच. मजकुरात जेवढी नावं आली तेवढीच मागच्या सूचीत पाहिजेत आणि सूचीतली सगळी मजकुरात. वजन पडावं म्हणून दहा जाडजूड इंग्रजी पुस्तकं घुसडायची नाहीत, व्हायवाला "हे पुस्तक कशाबद्दल आहे" एवढा एकच प्रश्न पुरतो.

सगळ्यालाच नाव टाकायचं का? नाही. जिल्ह्यात ११ तालुके आहेत, चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, हे सगळ्यांना माहीत असलेलं, त्याला कुणाचं नाव नको. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती असं लिहिलं की जनगणनेचा संदर्भ पाहिजे, कारण तो आकडा कुणीतरी मोजलाय. आणि १९३० साली इंग्रजांविरुद्ध सोलापुरातच एवढं का पेटलं याचं कारण लिहायला लागलात की ते कुणाचं तरी विश्लेषण असतं, तिथं नाव पाहिजेच. शंका आली तर टाका, जास्त नाव टाकलं म्हणून कुणाचे मार्क गेलेले मी बघितले नाहीत.

एक शहाणा पोरगा मला म्हणाला, काका, मुंबई इलाख्याचं सोलापूरचं गॅझेटियर १८८४ चं आहे, त्याचा कॉपीराइट संपला, आता उचललं तर काय होतंय? मुद्दा हुशारीचा आहे. पण कॉपीराइट हा कायद्याचा, छापायच्या-विकायच्या हक्काचा विषय, आपल्याकडं साधारण लेखक गेल्यावर साठ वर्षांनी तो संपतो. संपला म्हणजे तुम्ही ते गॅझेटियर छापून विका खुशाल. पण त्यातली दोन पानं स्वतःच्या नावावर घालून एम.ए.चे मार्क घ्यायचे हा वेगळाच प्रकार, त्याला एक्सपायरी नाही.

आणि गॅझेटियरमधलं वाक्य तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकात वाचलं असेल तर "अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत" असं लिहा. मूळ खंड उघडून बघितल्याचा आव आणू नका.

पायरी ५ : भाषांतराचा खेळ

मराठी माध्यमाच्या पोरांचा हा आवडता मार्ग. इंग्रजी शोधनिबंध घ्यायचा, गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकायचा, मराठी आलं की पेस्ट. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडत नाही म्हणतात. एकाच्या प्रोजेक्टमध्ये मी टाइप करताना वाचलं, "वाकडेपणाच्या धाग्यांची लांबी". थांबलो, म्हटलं हे काय रे? त्यालाही माहीत नव्हतं. इंग्रजीत "वार्प" होतं, म्हणजे ताणा, मशीननं त्याचा दुसरा अर्थ घेऊन वाकडेपणा केला. आणि या पोराचे वडील मागावर काम करणारे! ताणा-बाणा हे शब्द त्याच्या घरात मीठ-भाकरीसारखे. पण चोरायच्या नादात स्वतःच्या घरातला शब्द त्याला आठवला नाही.

भाषांतर केलं तर केलं, त्यात गुन्हा नाही. पण विचार मूळ लेखकाचा म्हणून त्यांचं नाव, आणि वाक्यच्या वाक्य आणलं तर अवतरण आणि शेवटी "भाषांतर माझे".

जाता जाता फाँटचं. काही जण मुद्दाम जुन्या फाँटमध्ये टाइप करून मागतात, कारण त्यातला मजकूर सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, तपासणी होत नाही. आता बऱ्याच ठिकाणी युनिकोडच मागतात. आणि समजा नाही मागितलं, तरी ज्या सरांनी तो लेख स्वतः वाचलाय त्यांचं डोकं कुठल्या फाँटवर चालत नाही.

पायरी ६ : चॅटजीपीटी

हे नवीन. आधी गाईडना विचारा की चालतं का आणि कशाला चालतं, प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. समजून घ्यायला, इंग्रजी लेखातला अवघड भाग सोपा करून घ्यायला, व्हायवाची तयारी करायला बरं आहे, मी पण वापरतो अर्ज बिर्ज लिहायला. पण त्यानं लिहिलेलं प्रकरण आपलं म्हणून देणं म्हणजे पैसे देऊन लिहून घेण्यासारखंच, फक्त फुकट. वापरलं असेल तर कुठं वापरलं ते लिहून टाका.

त्याचा मोठा घोळ संदर्भात होतो. लेखक, वर्ष, जर्नल, पान नंबर सगळं एकदम खरं वाटेल असं देतं आणि तसं पुस्तक जगात नसतंच. एकानं बावीस संदर्भांची यादी आणली होती, मी सुबक टाइप करून दिली, गाईडनी म्हटलं यातले कुठले पण तीन आणून दाखव. तीन दिवस फिरला. हाताला एक पण लागला नाही. जे पुस्तक तुम्ही हातात धरलं नाही किंवा स्क्रीनवर उघडलं नाही ते सूचीत नको, हा माझा सरळ नियम.

उलटंही होतं. पोरानं स्वतः लिहिलेलं असतं आणि सर म्हणतात हे एआयचं वाटतं. एआय पकडणारी टूल चुकतात, त्यामुळं आपला पुरावा आपल्याकडं ठेवा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं तर व्हर्जन हिस्टरी राहते, कुठल्या दिवशी काय लिहिलं, खोडलं सगळं दिसतं. आणि ती वही, पेन्सिलवाली. वहीपुढं कुणी वाद घालत नाही.

पायरी ७ : टक्क्यांचं भूत

"काका, दहा टक्के चालतंय की." हे दुसरं फेमस वाक्य. हे आलं युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांतून. प्रबंध, लघुप्रबंधासाठी त्यात चार पातळ्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ धरतात, शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत गेलं तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून परत द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर दुरुस्त प्रत देता येत नाही. ६० च्या पुढं गेलात तर त्या कोर्सची नोंदणीच रद्द. नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याचा मजकूर, सूत्रं हे मोजताना वगळायचं असतं. पदवीच्या साध्या असाइनमेंटला कॉलेजची आपली पद्धत असते, तिथं बहुतेक सरांचा लाल पेनच चालतो.

पण हे टक्के साम्याचे आहेत, चोरीचे नाहीत. सॉफ्टवेअर फक्त दाखवतं की हा मजकूर तिकडं पण आहे. पंधरा टक्के आले आणि सगळे सरकारी योजनांच्या लांबलचक नावांचे असले तर घाबरायचं काही नाही, आणि सहा टक्के आले पण ते सहाच्या सहा तुमच्या निष्कर्षाच्या प्रकरणातले, एकाच प्रबंधातून उचललेले, तर ते किरकोळ कसं? रिपोर्ट आला की आकडा बघून फाइल मिटू नका, रंगवलेला एकेक भाग बघा. आणि रंग घालवायला शब्दांची अदलाबदल करून देणारी जी टूल मिळतात त्यांच्या नादाला लागू नका, त्यातनं बाहेर आलेलं मराठी मला टाइप करताना वाचवत नाही.

शोधगंगावरून उचलणाऱ्यांना तर काय म्हणावं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेनं देशभरातले प्रबंध त्या वेबसाइटवर ठेवलेत, कुणालाही उघडून वाचता येतात. तुम्हाला दोन मिनिटांत सापडला तो गाईडना पण दोन मिनिटांतच सापडणार. आणि आज नाही सापडला म्हणजे संपलं असंही नाही. जर्मनीत आनेटे शावान म्हणून बाई होत्या, १९८० साली डॉक्टरेट केलेली, पुढं देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या, आणि तेहतीस वर्षांनी, २०१३ ला, प्रबंधातल्या उचलेगिरीवरून विद्यापीठानं पदवी काढून घेतली. मंत्रिपद सोडावं लागलं. त्यांनी आरोप मानला नाही, कोर्टात पण गेल्या, उपयोग झाला नाही.

उद्या सबमिशन आहे आणि काहीच झालं नाही, मग?

हे खरं विचारायचं असतं सगळ्यांना, बाकीचं मी उगाच लिहिलं. तर रात्री नऊ वाजता माझ्या काउंटरवर उभं असाल आणि पेनड्राइव्हमध्ये दुसऱ्याचा प्रोजेक्ट असेल तर आधी गाईडना फोन करा. सर, झालं नाही, चार दिवस द्या. शिव्या खाव्या लागतील, खा. पोरं याला फार घाबरतात, पण माझ्या बघण्यात निम्म्याहून जास्त वेळा मुदत मिळते, कारण सरांना पण रिकाम्या फाइली नको असतात. नाहीच मिळाली तर जेवढं तुमचं आहे तेवढंच द्या. पाच जणांशी बोललात तर पाचच लिहा, पंच्याण्णव बनवू नका. वीस पानं झाली तर वीस. मर्यादा म्हणून एक छोटा भाग असतो शेवटी, त्यात सरळ लिहा की वेळ कमी पडला म्हणून नमुना लहान आहे. मार्क कमी पडतील, पडू देत.

मित्र प्रोजेक्ट मागायला आला तर? बघायला द्या, अनुक्रमणिका कशी असते, तक्ते कसे काढतात ते कळतं. पण वर्ड फाइल देऊ नका, छापील दाखवा. एकदा फाइल दिलीत की ती व्हॉट्सॲपवर किती जणांकडं जाईल तुमच्या हातात नाही, आणि दोन सारखे प्रोजेक्ट सापडले की सर दोघांना उभं करतात, मूळ कुणाचं हे शोधत कुणी बसत नाही.

बाइंडिंगला येताना एवढं करा. फाइल पीडीएफमध्ये आणा, माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या फाँटचं काय होईल सांगता येत नाही. ऋणनिर्देश स्वतः लिहा, चार ओळींचा का असेना, आणि त्यात ज्यांच्याशी बोललात त्यांची आठवण ठेवा, नावं घालायची तर त्यांना विचारून. एक झेरॉक्स प्रत स्वतःसाठी ठेवा, वहीसकट. आणि सर्टिफिकेटवर गाईडची आणि विभागप्रमुखांची सही बाइंडिंगच्या आधी घ्या, नंतर पुस्तक नीट उघडत नाही, सही शिवणीत जाते, मग परत माझ्याकडं येता पान बदलून द्या म्हणून. ते मात्र देतो बदलून.